बांगडीवाल्या भाबीचा उजवा डोळा

पोलादपूरच्या वरच्या खोऱ्यात बिल्किस या नावानं तिला कुणीच ओळखत नसे. सगळ्यांची ती बांगडीवाली भाबी. महाडच्या मोहल्ल्यातून सकाळच्या एसटीनं निघायची, कापड्याला उतरायची आणि तिथून वाड्यावाड्यांतून पायी फिरायची. डोक्यावर बांगड्यांची पेटी, खांद्याला कापडी पिशवी. कुणाच्याही ओटीवर टेकली की पहिल्यांदा पाणी मागायची आणि मग पेटी उघडायच्या आधी घरातल्या सगळ्यांची चौकशी करायची. कुणाची म्हैस व्याली, कुणाचा मुलगा मुंबईहून आला, कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, हे सगळं तिला ठाऊक असे.

माहेर तिचं तुडीलचं, सावित्रीच्या काठचं. बांगड्यांचा धंदा सासूचा. नवरा झकेरिया सौदीत गवंडीकाम करायला गेला तेव्हा सासूनं तिला बरोबर न्यायला सुरुवात केली आणि सासू थकल्यावर पेटी तिच्या डोक्यावर आली. झकेरिया परत येऊन वीर स्टेशनवर रिक्षा लावू लागला, तरी तिनं फिरणं सोडलं नाही. घरात बसून करमत नाही, एवढंच कारण ती सांगे.

हात हातात घेतला की तिला माप कळायचं. अंगठ्याखालचा उंचवटा ती बोटांनी चेपून चेपून मऊ करी, तोंडानं काहीतरी मजेशीर सांगत राही आणि बांगडी केव्हा मनगटावर गेली ते बाईला समजतही नसे. एखादी पिचली तर "फुटली" म्हणायचं नाही, "वाढली" म्हणायचं, हे नव्या सुनांना तीच शिकवायची. बांगड्या भरताना ती बहुतेक वेळा बघतच नसे. बोटांनाच सगळं येत होतं. त्यामुळे तिच्या डोळ्यांत काही बिनसलंय हे कुणाच्या लक्षात आलं नाही. तिच्याही नाही.

पन्नाशीच्या आसपास तिला संध्याकाळचं डोकं दुखायला लागलं. दुखायचं तेही एकाच बाजूचं, उजव्या भुवईच्या वर. दिवसभर उन्हात फिरली तर काही नाही. पण दिवेलागणीला, किंवा एखाद्या अंधाऱ्या माजघरात खाली मान घालून बराच वेळ बसली, की भुवईत ठणका सुरू व्हायचा. मळमळायचं. स्टँडवर उतरली की खांबावरच्या दिव्याभोवती रंगीत कडं दिसायचं, आत निळसर, बाहेर लाल. तिला वाटलं, डोळ्यात सुरम्याचा कण राहिला असेल. तिनं सुरमा लावणं बंद केलं. कडं दिसायचं ते दिसतच राहिलं.

घरी येऊन पडली आणि झोप लागली, की सकाळी डोकं स्वच्छ. मग कशाला डॉक्टर? मोहल्ल्यातल्या बायांनी अर्धशिशी ठरवली. कुणी पित्त म्हणालं. झकेरियानं एकदा दवाखान्यात नेलं तेव्हा ती पूर्ण बरी होती. डॉक्टरांनी नाडी बघितली, रक्तदाब बघितला, पित्ताच्या गोळ्या दिल्या. दिव्याभोवतीच्या कड्याचं तिनं सांगितलंच नाही. डोकेदुखीशी त्याचा काही संबंध असेल हे तिच्या मनातही आलं नव्हतं. उलट डोळे आपले चांगले, असंच ती सांगत असे. समोरच्या डोंगरावर चाललेली गुरं कुणाची आहेत ते ती ओटीवरून सांगायची. फक्त सुईत दोरा तेवढा तसनीमला, तिच्या मुलीला, ओवायला लागायचा.

मे महिन्यात कापड्याच्या पुढच्या एका वाडीत येसाजी उतेकरच्या मुलीचं लग्न निघालं. येसाजी जमीनजुमला राखून असलेला शेतकरी, माणसांचा लोभी. त्याच्या घरच्या चार पिढ्यांतल्या बायकांना भाबीनं किंवा तिच्या सासूनं चुडे भरले होते. लग्नाच्या आदल्या दिवशी ती सकाळीच पोचली. माजघरात सतरंजी घातलेली, भोवती नवरीच्या मावश्या, आत्या, शेजारणी. बाहेर मांडव घातल्यानं खिडकीतून येणारा उजेडही अडला होता आणि लाइट तर सकाळपासूनच गेलेली. एक कंदील तेवढा कोपऱ्यात ठेवला होता.

नवरीचा हिरवा चुडा झाला. मग एकेक बाई पुढे येत गेली. भाबीची मान खाली ती खालीच. जेवायलाही ती घाईनं उठली आणि लगेच परत येऊन बसली.

दुपार कलली तेव्हा तिच्या उजव्या डोळ्यात कुणी अंगठा रोवल्यासारखं झालं. नेहमीचा ठणका हा नव्हे, हे तिला कळलं. तिनं समोर हात देऊन बसलेल्या पोरीला म्हटलं, "जरा थांब गो," आणि डोळा चोळला. समोरचा कंदील दिसेना, त्या जागी रंगीत धुकं दिसायला लागलं. ती भिंतीला धरून उठली आणि मागच्या दारापर्यंत पोचायच्या आतच ओकली.

बायका धावल्या. कुणी पाठ चोळली, कुणी कांदा फोडून नाकाशी धरला. ऊन बाधलं असेल, म्हणाल्या. घाईघाईत जेवली, पित्त खवळलं असेल, म्हणाल्या. लिंबूपाणी दिलं, तेही पडलं. भाबी डोकं दोन्ही हातांत धरून दाराशी बसली होती आणि तिच्या तोंडून हूं की चूं निघत नव्हतं. इतकी बोलकी बाई गप्प बसलेली बघून नवरीला रडू यायला लागलं.

तेवढ्यात मागच्या अंगणातून येसाजीची थोरली बहीण आली. तिचं नाव तुळसा. नवरा गेल्यावर ती माहेरीच राहत होती. तिचा डावा डोळा गेलेला होता, बुबुळ पांढरट आणि मळकं. आधीच विधवा, त्यात एक डोळा गेलेला. शुभकार्याच्या वेळी नवरीसमोर यायचं नाही, हे तिला कुणी सांगावं लागत नसे. सकाळपासून ती मागच्या चुलाण्यावर भात शिजवत होती.

"काय झालं भाबीला?"

"पित्त झालंय. तू आत नको येऊस, नवरी हाय हितं," एक आत्या म्हणाली.

तुळसानं ऐकलं नाही. ती भाबीसमोर उकिडवी बसली, तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. उजवा डोळा लालभडक झाला होता. बुबुळावर आरशावर वाफ धरावी तसं काही आलं होतं आणि मधली काळी बाहुली मोठी होऊन तशीच थिजली होती. डाव्या डोळ्याची बाहुली उजेडात आल्याबरोबर लहान झाली. ही झाली नाही.

"भाबी, डोळे मीट," तुळसा म्हणाली. तिनं मिटलेल्या पापण्यांवर दोन्ही हातांची बोटं हलकेच दाबली. डावा डोळा पिकल्या जांभळासारखा दबला. उजवा खेळायच्या गोटीसारखा लागला.

"दिव्याला रंग दिसत होते काय गो?"

भाबीनं मान हलवली. "बरेच दिवस," ती म्हणाली.

तुळसा उठली आणि थेट मांडवात गेली. येसाजी तिथं मंडपवाल्याशी बोलत उभा होता.

"येसाजी, जीप काढ. भाबीला महाडला न्यायचं हाय, डोळ्याच्या डॉक्टरकडं."

"आक्का, जीप आता भांडी आणायला जातेय. थोडी पडू दे तिला. सकाळी बघू."

"सकाळपर्यंत डोळा राहायचा नाय."

"तुला काय ठावं?"

"माझा राह्यला काय?" तुळसा म्हणाली.

येसाजीनं तिच्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. काही वर्षांपूर्वी, लावणीच्या दिवसांत, तुळसाचा डोळा असाच दुखायला लागला होता. ती अशीच ओकत होती. घरच्यांनी पित्त म्हणून आल्याचा रस दिला, डोळ्यात कसल्यातरी पाल्याचा थेंब घातला, आणि सकाळी नेऊ, सकाळी नेऊ म्हणत दिवस काढले. मग नदीला पाणी आलं. शेवटी नेली तेव्हा मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पापणीवर बोटं दाबून पाहिलं आणि सांगितलं, हा काचबिंदू आहे, आता यात नजर परत येणार नाही. तुळसानं तेव्हा कुणाला दोष दिला नाही. नंतरही कधी तो विषय काढला नाही. आज पहिल्यांदा काढला, तोही एवढाच.

येसाजीनं मंडपवाल्याला सांगितलं, भांडी बैलगाडीनं आण. आणि स्वतः जीपमध्ये पुढे बसला. मागे भाबीला आडवी केली. तिचं डोकं मांडीवर घेऊन तुळसा बसली, चुलाण्याच्या राखेचे हात तसेच होते. घाटातल्या प्रत्येक वळणाला ती भाबीला घट्ट धरून ठेवत होती. पोलादपूर आलं, हायवे लागला. भाबीनं एकदाच विचारलं, "आक्का, माझा डोला जाईल काय?"

"अजून दिवस मावळला नाय," तुळसा म्हणाली. "माझ्या टायमाला आठवडा गेला होता."

महाडला डॉ. धारप या बाईंचा डोळ्यांचा दवाखाना बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत होता. संध्याकाळची तपासणी नुकतीच सुरू झाली होती. बाकावर चष्म्याचा नंबर काढायला आलेली मुलं बसलेली. दारातून दोघांनी धरून आणलेली बाई पाहिली आणि डॉक्टरबाईंनी आतल्या पेशंटला बाहेर बसवलं.

त्यांनी आधी उजवा डोळा उघडा ठेवून बोटं दाखवली. भाबीला बोटं मोजता आली नाहीत, हात हलतोय एवढंच कळलं. मग त्यांनी तिला एका यंत्रासमोर बसवलं, हनुवटी टेकवायला लावली आणि उजेडाची एक पातळ उभी रेघ डोळ्यावर टाकून पलीकडून बघितलं. मग आडवी झोपवून, डोळा बधिर करणारा थेंब घालून, एक लहानसं वजनी यंत्र बुबुळावर टेकवलं. यंत्राचा काटा जेमतेम हलला; डोळा जितका कडक, तितका तो कमी हलतो.

"डोळ्यातला दाब फार वाढलाय," त्या म्हणाल्या. "पण किती वेळ झाला दुखायला लागून?"

"दुपारपासनं," तुळसानं सांगितलं. "त्याच्या आधी येऊनजाऊन असायचं. दिव्याला रंग दिसायचे तिला."

डॉक्टरबाईंनी पहिल्यांदाच तुळसाकडे नीट पाहिलं. "तुम्ही ओळखलंत?"

"माझा गेलेला हाय," तुळसा म्हणाली.

त्यांनी शिरेतून बाटली लावली, गोळ्या दिल्या, थोड्याथोड्या वेळानं डोळ्यात थेंब घालायला सुरुवात केली. दवाखान्यातला एक माणूस मोहल्ल्यात निरोप द्यायला गेला. थेंब घालता घालता बाई बोलत होत्या. भाबीला समजावं म्हणून सावकाश आणि सोपं.

"डोळ्याच्या आत एक पाणी असतं. बाहेर येतात ते अश्रू वेगळे, हे आतलं. ते सतत तयार होतं आणि सतत वाहून जातं. बुबुळाच्या कडेला, अगदी गोल फिरून, एक बारीक कोपरा असतो, तिथून जातं. आता मला सांगा, भर पावसात सावित्रीला पूर आला आणि त्याच वेळी खाडीला भरती असली, तर काय होतं?"

"बाजारात पाणी येतं," येसाजी दारातून म्हणाला.

"का येतं? एरवी तेवढं पाणी खाडीत निघून गेलं असतं. त्याला जायला वाट मिळत नाही म्हणून येतं. यांच्या डोळ्याची ठेवणच अशी आहे की तो कोपरा जन्मापासून चिंचोळा. अंधारात बाहुली मोठी होते, तेव्हा बुबुळाचा रंगीत पडदा कोपऱ्यात गोळा होतो आणि वाट बंद. पाणी तुंबतं, डोळा दगडासारखा होतो. आतापर्यंत झोपल्यावर बाहुली लहान व्हायची, वाट मोकळी व्हायची, म्हणून सकाळी बरं वाटायचं. आज ती मोकळी झालीच नाही."

"आणि ओकारी?" तुळसानं विचारलं.

"डोळ्याचं दुखणं एवढं जबर असतं की पोट ढवळतं. म्हणून तर सगळे पोटाचं औषध देतात."

 तुळसानं पदरानं तोंड पुसलं.

बाटली अर्धी झाली तेव्हा भाबीनं पहिल्यांदा मोठा श्वास सोडला. ठणका उतरत होता. डॉक्टरबाईंनी पुन्हा दाब मोजला, आणि या वेळी यंत्राचा काटा चांगला पलीकडे गेला. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "उतरतोय," त्या म्हणाल्या. "वेळेवर आणलंत."

येसाजी दारातून आत येऊन भाबीच्या उशाशी उभा राहिला.

मग बाई तुळसाकडे वळल्या. "आता तुम्ही या इकडे."

"मला काय झालंय? हा उजवा बरा हाय माझा."

"तोच बघायचाय. हा कुणी तपासला होता का, डावा गेल्यावर?"

कुणीच तपासला नव्हता. गेलेल्या डोळ्याबद्दल सगळे बोलले होते, राहिलेल्याबद्दल कुणी एक शब्द काढला नव्हता. डॉक्टरबाईंनी बॅटरी घेतली आणि तुळसाच्या कानाच्या बाजूनं, आडवा उजेड तिच्या चांगल्या डोळ्यावर टाकला. पडदा सपाट असता तर उजेड बुबुळाच्या पलीकडच्या कडेपर्यंत पोचला असता. तो मध्येच अडला. नाकाकडची अर्धी बाजू सावलीत राहिली.

"बघा," त्यांनी येसाजीला जवळ बोलावून दाखवलं. "पडदा फुगून पुढे आलाय. यांचाही कोपरा तसाच चिंचोळा आहे. आज ना उद्या या डोळ्यालाही तेच झालं असतं."

तुळसाचा हात आपोआप तिच्या चांगल्या डोळ्याकडे गेला. "मग?" ती म्हणाली. तिचा आवाज अगदी लहान झाला होता.

"मग काही नाही. दोघींना पनवेलला पाठवते. लेसरनं त्या पडद्याला एक बारीक छिद्र पाडतात, टाचणीच्या टोकाएवढं. पाण्याला दुसरी वाट मिळाली की पडदा मागे बसतो. कापाकापी नाही, टाके नाहीत. भाबींचे दोन्ही डोळे करायचे आणि तुमचा हा एक. तोवर मी देते ते थेंब घालायचे."

"आणि छिद्र पडल्यावर?"

"त्यानंतर हे असं पुन्हा होण्याची भीती जवळजवळ जाते. तपासायला मात्र येत राहायचं."

तुळसा खुर्चीवरून उठेना. येसाजीनं जवळ जाऊन तिच्या खांद्याला हात लावला, तेव्हा तिला हुंदका आला. तो बराच वेळ थांबला नाही. बाहेरच्या बाकावरची चष्म्याची मुलं दारातून वाकून बघायला लागली.

झकेरिया रिक्षा गल्लीच्या तोंडाशी तशीच सोडून धावत आला तोवर भाबीला डोळा लागला होता. येसाजीनं त्याला काय घडलं ते सांगितलं. झकेरिया तुळसासमोर उभा राहिला. "आक्का, चाय घेऊन जा," एवढंच तो म्हणाला, आणि स्वतः जाऊन टपरीवरून सगळ्यांना चहा घेऊन आला.

परत जाताना जीपमध्ये येसाजी बहिणीला म्हणाला, "उद्या मांडवात पुढं बसायचं, आक्का. नवरीच्या शेजारी."

"लोक बोलतील."

"बोलू दे."

ती बसली. कोण काय बोललं ते कुणाला आठवत नाही, कारण दुसऱ्या दिवशी सगळ्या मांडवात बांगडीवालीच्या डोळ्याचीच चर्चा होती.

त्याच सकाळी दवाखान्यात डॉक्टरबाईंनी रात्री बांधलेली पट्टी काढली तेव्हा उजव्या डोळ्यावरची वाफ निवळली होती. लाली अजून होती. भाबी छताकडे बघत राहिली, मग खिडकीकडे, मग समोर उभ्या नवऱ्याकडे.

"तुमच्या शर्टाची वरची गुंडी तुटलीय," ती म्हणाली.

झकेरियानं छातीवर हात नेऊन गुंडी चाचपली आणि तो खाली स्टुलावर बसला. शर्ट बदलायचं त्याला रात्रभर भान नव्हतं.

पुढच्या आठवड्यात दोघी वीरला पॅसेंजरमध्ये बसल्या, बरोबर झकेरिया. तुळसा आगगाडीत पहिल्यांदाच बसत होती. तिनं शिदोरीत तांदळाच्या भाकऱ्या आणि लसणीची चटणी आणली होती, भाबीनं खजूर आणि उकडलेली अंडी. माणगावच्या पुढेपर्यंत दोघींचं खाणंच चाललं होतं. मग तुळसानं शिदोरीचं फडकं बांधून ठेवलं.

"भ्यायला होतं गो," ती म्हणाली. "तुला दोन हायत. माझा एकच. त्याला काय झालं तर?"

"आधी मी बसते," भाबी म्हणाली. "मी ओरडली तर तू पळून जा."

पनवेलच्या दवाखान्यात यंत्र महाडच्या यंत्रासारखंच होतं, हनुवटी टेकवायचं. डोळ्यावर एक लहान भिंग ठेवलं. मग टिक, टिक, असा आवाज झाला, डोळ्यापुढे ठिणगी चमकल्यासारखं झालं आणि भुवईत बारीकशी कळ आली. बस. भाबी उठून बाहेर आली आणि तुळसाला म्हणाली, "मनगटात बांगडी अडकते तेव्हा दुखतं ना, त्याच्या निम्मं पण नाय."

तुळसा आत गेली. तिनं हाताच्या मुठी आवळल्या होत्या त्या बाहेर आल्यावरच सुटल्या. डॉक्टरांनी थोडा वेळ बसवून दाब मोजला, ठीक आहे म्हणाले. तिनं डावा, गेलेला डोळा हातानं झाकला, जणू उजव्याला काही कमी पडू नये, आणि भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरं बघत बसली. तिला वाचता येत नव्हतं. पण सगळ्यात खालच्या ओळीत किती अक्षरं आहेत ते तिनं भाबीला बरोबर सांगितलं.

परतीच्या गाडीत अंधार पडायला लागला. स्टेशनांवरचे दिवे लागले. भाबी खिडकीला नाक लावून बसली होती. प्रत्येक दिवा गेला की म्हणायची, "साधा हाय." पुढचा आला की, "हा पण साधा." शेवटी झकेरिया म्हणाला, "आता वीरपर्यंत सगळे दिवे मोजणार काय?" तेव्हा कुठे ती थांबली.

त्यानंतर भाबीच्या फिरण्याला एक जोड लागली. हात हातात घेऊन बांगड्या भरताना ती मधेच विचारायची, "सांजेला दिव्याभोवती रंग दिसतात काय गो? एका बाजूचं डोकं धरतं काय?" ज्या बाईच्या घरात कुणी आंधळं झालेलं असेल तिला तर ती दोनदा विचारायची. डॉ. धारपांकडे तिनं कितीतरी जणींना पाठवलं. त्यांतल्या बहुतेकींना काचबिंदू नव्हता. कुणाला मोतीबिंदू असायचा, कुणाला रांजणवाडी, कुणाच्या डोळ्यावर नाकाकडून मांसाचा पापुद्रा वाढलेला असायचा, आणि बऱ्याच जणींना नुसता जवळचा चष्मा लागायचा. भाबीला वाईट वाटायचं. "फुकट तरास दिला तुमाला," ती डॉक्टरबाईंना म्हणाली.

"दहा जणी उगाच आल्या तरी चालेल," बाई म्हणाल्या. "एकीला उशीर व्हायला नको."

पण तसनीमला मात्र तिनं हट्टानं नेलं, कारण ही ठेवण आईकडून मुलीकडे येऊ शकते असं तिला सांगितलं होतं. तसनीमचा कोपरा मोकळा निघाला. चाळिशीनंतर पुन्हा दाखवा, म्हणाल्या. तसनीम वैतागली होती, कामं टाकून यावं लागलं म्हणून. भाबीनं बाजारातून जिलेबी घेतली.

एका हिवाळ्यात येसाजीनं डॉक्टरबाईंना वाडीतच बोलावलं. त्याच्या खळ्यात टेबल मांडलं, झाडाला तक्ता टांगला. आसपासच्या वाड्यांतून माणसं आली. त्यात हैबती नावाचा एक म्हातारा होता, दोन्ही डोळे गेले असं सांगून बरीच वर्षं घरात बसलेला. त्याला नातवांनी उचलून आणला होता. बाईंनी तपासलं तर एका डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू, आणि दुसऱ्याला फक्त भलामोठा नंबर. पेटीतली भिंगं त्या डोळ्यापुढे एकेक लावत गेल्यावर हैबती एकाएकी उठून उभा राहिला, समोरच्या डोंगराकडे बघत.

"तो वरचा आंबा कुणी तोडला रं?" त्यानं विचारलं.

आंबा तोडून पाच-सात पावसाळे झाले होते, आणि तोडणारा त्याचाच मुलगा शेजारी उभा होता. त्या दिवशी खळ्यात त्या बापलेकांचं जे जुंपलं त्याची आठवण वाडीत अजून काढतात.

तुळसाचा डोळा टिकला. दर सहा महिन्यांनी ती महाडला यायची, दाब मोजून घ्यायची आणि मग भाबीकडे जेवायची. मोहल्ल्यातल्या पोरांना ती "तुळसाखाला", म्हणजे तुळसामावशी, झाली. भाबीकडे मटण असेल तर तिच्यासाठी वेगळी भाजी असे, पण दोनेक वर्षांनी तुळसानं स्वतःच विचारलं की कालवणाचा वास एवढा चांगला कशानं येतो, आणि वेगळी भाजी बंद झाली.

दोन हजार सालानंतर भाबीच्या नजरेवर हळूहळू मळभ आलं. या वेळी ती घाबरली नाही. दुखत नव्हतं, रंगीत कडी नव्हती. डॉक्टरबाईंनी बघितलं, साधा मोतीबिंदू आहे म्हणाल्या. काढून आत भिंग बसवू, दाबही त्यानं आणखी नीट राहील. ऑपरेशन सकाळी झालं, संध्याकाळी ती घरी आली, आणि पट्टी सुटल्यावर काही दिवस कुणी आलं की त्याला तोंडावर सुरकुत्या किती वाढल्यात ते सांगत सुटली. तुळसानंही ते ऐकून घेतलं.

मग एका दुपारी तिनं पेटी उघडली. दोऱ्यांवर लावलेल्या बांगड्या उन्हात धरून बघितल्या आणि कपाळावर हात मारला. काळ्या म्हणून ज्या दोऱ्यांवर लावल्या होत्या त्यांतल्या निम्म्या गर्द निळ्या होत्या. किती दिवस ती काळ्या मागणाऱ्या बायकांना निळ्या भरत होती कोण जाणे. एकीनंही तक्रार केली नव्हती.

"भिडेखातर गप्प बसल्या असतील," तसनीम म्हणाली.

"नायतर त्यांचे पण डोले तपासायला पायजेत," भाबी म्हणाली. तिनं दोऱ्या सोडल्या, बांगड्या सतरंजीवर ओतल्या, आणि दोघी मायलेकी संध्याकाळच्या अजानपर्यंत काळ्या एकीकडे आणि निळ्या एकीकडे करत दारातल्या उजेडात बसल्या.